गोव्यात पुरवठा साखळीवर संशोधन करायचंय? आधी एका क्रेटच्या मागे जा

दरवर्षी प्रबंधाचे विषय ठरवायचे दिवस आले की एक विषय माझ्या टेबलावर हमखास येतो: ‘गोव्यातील पुरवठा साखळी व्यवस्थापन : एक अभ्यास’. विद्यार्थी दरवर्षी नवा, विषय तोच. मी विचारतो, कसली साखळी? भाजीची, औषधांची, कोळशाची की पावाची? समोरचा वहीकडे बघतो. मग मी त्याला चहा पाजतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात यायला सांगतो. जे येतात त्यांना बहुतेक वेळा आठवड्याभरात विषय सापडतो. जे येत नाहीत ते ‘ग्राहकांच्या समाधानाची पातळी’ मोजणाऱ्या प्रश्नावल्या वाटत फिरतात.

हा लेख पहाटे उठायची तयारी असलेल्यांसाठी आहे. तुम्ही एम.कॉम.चे असा, एमबीएचे, इंजिनिअरिंगचे, नाहीतर पीएच.डी.च्या उंबरठ्यावर घुटमळणारे. लॉजिस्टिक्सचा पुस्तकी गंध नसला तरी अडत नाही. माल कुठून येतो, कुठे थांबतो, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो आणि प्रत्येक हातबदलाला किती वेळ, पैसा नि माल वाया जातो, एवढं कुतूहल पुरे.

पायरी १ : दारं मोजा

गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. पुरवठ्याच्या हिशेबाने बघितलं तर हे राज्य जवळजवळ बेटच आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. रस्त्याने येणारा जड माल मुख्यतः पाच ठिकाणांहून आत शिरतो. उत्तरेला पत्रादेवी आणि दोडामार्ग, चोर्ला घाट उतरल्यावर केरी, अनमोड घाट उतरल्यावर मोले, आणि कारवारकडून पोळे. रेल्वेच्या वाटा दोन. एक कोकण रेल्वे, दुसरी दूधसागरावरून कुळ्याला उतरून मडगाव-मुरगावकडे जाणारी जुनी घाटवाट. मोठं बंदर एक, मुरगाव. विमानतळ दोन, दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. झालं. पुण्या-मुंबईवर काम करणाऱ्याला आपल्या शहरात माल किती वाटांनी येतो ते आयुष्यभर मोजता येणार नाही. तुमच्याकडे ते दोन हातांच्या बोटांवर आहे. प्रयोगशाळा म्हणून गोव्याचं मोल आहे ते यात, आणि ते आपल्याच लोकांच्या फारसं लक्षात येत नाही.

दार बंद होतं तेव्हा तर संशोधकाची चांदी. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, महामार्ग पाण्याखाली गेला आणि इकडे आपल्या चहात दूध नव्हतं. पाऊस पडला कोल्हापुरात, रांग लागली म्हापशात. दूधसागरच्या घाटात दरड कोसळली की रेल्वेचा माल अडतो. ५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि उत्तर-दक्षिण गोव्याची वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. अशी प्रत्येक घटना म्हणजे आयता प्रयोग आहे: घटनेआधीचे भाव, नंतरचे भाव, कोणता माल किती दिवसांत पूर्ववत झाला, कोणत्या तालुक्यात आधी आणि कोणत्यात उशिरा.

इतिहासाची आवड असेल तर आणखी मागे जा. १९५०च्या दशकात भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. घाटावरून येणारी भाजी आणि धान्य थांबलं आणि गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा आला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या बटाट्यांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. शेजारच्या गावातून येणारी वस्तू सातासमुद्रापलीकडून आणायची तर साखळी कशी उभी राहते, कोण श्रीमंत होतो, चोरट्या वाटा कुठून निघतात, हा नुसत्या इतिहासाचा विषय नव्हे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज काळातल्या कागदांचा मोठा साठा आहे. पोर्तुगीज वाचता येणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मला अजून भेटायचाय. भेटला तर त्याला मी सोडणार नाही.

पायरी २ : एक वस्तू, एक टप्पा

सगळी साखळी एकदम पकडायला जाऊ नका. एक वस्तू घ्या आणि तिच्या प्रवासातला एकच टप्पा. खाली माझ्या आवडीची काही उदाहरणं देतो. ती सारख्या तोलाची नाहीत. काहींवर पीएच.डी. होईल, काहींवर उन्हाळी प्रकल्प.

भाजीपासून सुरू करू, कारण ती सगळ्यांना दिसते. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून येते. रात्री तिथे गाडी भरते, चोर्ला उतरते आणि उजाडायच्या आत बाजारात लागते. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ हीच भाजी गावोगावच्या गाड्यांवर, म्हणजे विक्रीच्या टपऱ्यांवर, सवलतीच्या दरात विकतं. आता प्रश्न बघा. कोणत्या गाड्यावर किती टोमॅटो पाठवायचे हे कोण ठरवतं, आणि कालच्या विक्रीवरून ठरवतं की सवयीवरून? दुपारनंतर उरलेल्या मालाचं काय होतं? सवलतीचा गाडा शेजारी असला की खाजगी भाजीवाला कोणती भाजी ठेवायचं बंद करतो?

पण यातला सगळ्यात रसाळ प्रश्न परतीच्या भाड्याचा. भाजीचा ट्रक भरून येतो आणि बहुधा रिकामे क्रेट घेऊन परततो. म्हणजे येण्याच्या भाड्यात जाण्याचंही भाडं लपलेलं असतं, आणि ते तुम्ही-आम्ही भेंड्यांच्या भावात भरतो. त्याच वेळी वेर्णे, कुंडई, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतून माल राज्याबाहेर जातोच आहे. मग हे दोघे एकमेकांना का सापडत नाहीत? काही कारणं उघड आहेत. औषधाच्या खोक्यांना कोबीच्या पाण्याने भिजलेला ट्रक चालत नाही. वेळा जुळत नाहीत. चालकाला पहाटे माल उतरवून झोप काढून संध्याकाळपर्यंत बेळगाव गाठायचं असतं, कारण रात्री पुन्हा भरणी आहे. पण सगळ्याच मालाला ही कारणं लागू पडतात का? कोणत्या मालाला पडत नाहीत? एवढ्या एका प्रश्नावर दोन वर्षं आनंदात जातील. याला पर्यावरणाची बाजूही आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा एका खेपेला येऊन-जाऊन ६० लिटर डिझेल लागलं, तर सुमारे १६० किलो झाला. त्यातला किती भाग रिकाम्या परतीचा?

मासळी हा दुसरा मोठा विषय, आणि जरा काटेरी. जुलै २०१८मध्ये बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) असल्याच्या संशयावरून गोव्यात रान उठलं, आयातीवर बंदी आली, पुढे वाहनांसाठी इन्सुलेशनची आणि नोंदणीची अट आली. त्या वादाच्या राजकारणात शिरू नका. साखळीचा विद्यार्थी वेगळाच प्रश्न विचारतो: बर्फ कुठे कमी पडतो? मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर मासळी उतरते तिथे, लिलावाच्या वेळी, मडगावच्या घाऊक बाजारात, की शेवटी मासळीवाल्या बाईच्या टोपलीत? तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बर्फाच्या पेटीत टाकलं की दर पाच मिनिटांची नोंद मिळते. दहा पेट्यांचे दहा आलेख एकमेकांवर ठेवले की कोणत्या हातबदलाला तापमान चढतं ते डोळ्यांना दिसतं. शिवाय दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. स्थानिक पुरवठ्याचा नळच बंद होतो आणि मागणी तशीच राहते. त्या दोन महिन्यांत बाजारात कोण कुठून काय आणतं हे नीट टिपलं तर बंदीचा भार कोणावर पडतो ते कळेल.

पोदेराकडे, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडे, मात्र कोणी संशोधक वळून बघत नाही, आणि तो तर रोज दारात भोंपू वाजवतो. पहाटे आणि संध्याकाळी, सायकलवर टोपली, टोपलीत पाव आणि पावाचेच प्रकार: उंडे, पोळ्या, कांकणं. घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवाल्यांनी ज्यासाठी कोट्यवधी ओतले ते हा माणूस भट्टीपासून ओट्यापर्यंत पिढ्यान् पिढ्या करतोय. त्याचं गणितही पाठ्यपुस्तकातलं आहे. समजा एक उंडा करायला ३ रुपये लागतात आणि तो ५ला जातो. कमी पडला तर २ रुपयांचा फायदा हुकतो, उरला तर ३ रुपये बुडतात. शिळ्या होणाऱ्या मालाचं जुनं सूत्र सांगतं की २ ला २ अधिक ३ ने भागा, म्हणजे ०.४. शंभरातल्या चाळीसच दिवशी सगळ्यांना पुरेल इतका माल काढावा. आता खऱ्या पोदेराला हे सांगून बघा, हसेल. तो ठरलेल्या घरांना कधी कमी पडू देत नाही. कारण एक दिवस उंडा मिळाला नाही म्हणून दोन रुपये बुडत नाहीत, ते घरच दुसऱ्या पोदेराकडे जातं. म्हणजे सूत्रातला ‘कमी पडण्याचा तोटा’ आपण चुकीचा धरला होता. तो खरा किती, हे पोदेराच्या वागण्यावरून उलट काढता येईल का? माझ्या मते हा उत्तम प्रबंध आहे आणि खर्च शून्य.

खनिजाची साखळी गोव्यात सगळ्यात मोठी होती. खाणीवरून ट्रक, नदीकाठच्या धक्क्यावरून बार्ज (माल वाहणारी सपाट तळाची बोट), मांडवी-जुवारीतून मुरगाव. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा धोक्याचा होतो, म्हणून बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायच्या. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. एका कामासाठीच बांधलेली बार्ज दुसरं काय वाहू शकते? ज्या गावांत घरटी ट्रक होता तिथे त्या ट्रकांचं आणि त्यांच्या कर्जांचं काय झालं? माल थांबल्यावर साखळीचे दुवे कोणत्या क्रमाने तुटतात, यावर जगभर कमी लिहिलं गेलंय आणि आपल्याकडे त्याचा जिवंत नमुना आहे. आता खाणी हळूहळू पुन्हा सुरू होत असताना उलटा प्रश्नही विचारता येतो.

औषधांबद्दल थोडक्यात. वेर्ण्याला औषध कंपन्यांची दाटी आहे, पण नवख्याला फाटकातून आत घेत नाहीत, आणि घेतलं तरी आकडे देत नाहीत. २ ते ८ अंश तापमानात ठेवायची औषधं शेवटच्या टप्प्यात कशी पोचतात ते बघायचं तर कारखाना सोडा आणि स्टॉकिस्टकडून सत्तरी-काणकोणच्या औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता धरा. वीज गेली की दुकानातल्या फ्रीजचं काय होतं, एवढंही पुरेसं आहे.

आणि पुरुमेंत. पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरच्या, सोलं, मीठ, नारळ भरून ठेवायची आपल्या घरांची रीत. सुरक्षित साठा म्हणून व्यवस्थापनाच्या वर्गात जे शिकवतात ते आपल्या आज्या माळ्यावर करत आल्या. रस्ते बारमाही झाले, फ्रीज आले, तरी पुरुमेंताचा बाजार भरतोच. आता तो गरजेसाठी, चवीसाठी की भावासाठी? चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती माटोळी, तिचा चवथीच्या आधीचा बाजारही तसाच. रानातल्या फळा-फुलांची दोन-तीन दिवसांची साखळी, जिचं ना गोदाम ना बिल.

पायरी ३ : अडचणीचा प्रश्न करा

व्यापारी तुम्हाला विषय देणार नाही, तो गाऱ्हाणं देईल. ‘गाडी वेळेवर येत नाही.’ ‘माल उतरवायला माणसं मिळत नाहीत.’ ‘उधारी अडकते.’ गाऱ्हाण्याला तीन प्रश्न विचारा. किती वेळा? किती फरकाने? आणि तो फरक कोण सोसतो?

‘गाडी वेळेवर येत नाही’ घ्या. महिनाभराच्या येण्याच्या वेळा लिहिल्या. सरासरी पाच वाजता. पण काही दिवशी चार, काही दिवशी साडेसात. व्यापारी सरासरीवर जगत नाही, तो साडेसातच्या भीतीवर जगतो, म्हणून जास्त माल मागवतो आणि तो सडतो. आता तुमच्याकडे प्रश्न आहे: येण्याच्या वेळेतल्या चढउताराचा मागवलेल्या मालावर आणि नासाडीवर किती परिणाम होतो? यात मोजायच्या तीनच गोष्टी आहेत आणि तिन्ही मोजता येतात. बाजारातून मागे जाताना मागणीतले चढउतार फुगत जातात, चाबकाच्या टोकासारखे, हे या शास्त्रातलं जुनं निरीक्षण. ते शिकवायला एमआयटीत बनवलेला बिअर गेम जगभर खेळतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुटच्या शॅकवाल्याने (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीवाल्याने), त्याच्या घाऊकवाल्याने आणि त्याच्याही वरच्याने मागवलेले आकडे शेजारी मांडले तर तोच खेळ खरा सापडतो का, बघा.

पायरी ४ : उभे राहा आणि लिहा

माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका घाऊक बाजारात पाच गुणांची प्रश्नावली घेऊन गेलो होतो. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’. एका व्यापाऱ्याने फोनवर बोलता बोलता चाळीसही प्रश्नांना चौथ्या रकान्यात खुणा केल्या आणि म्हणाला, ‘सर, तुमचं काम झालं ना?’ झालं नव्हतं. त्याच्या मागे गाडी उतरत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो.

म्हणून पहिले पाच दिवस प्रश्न नको, वही हवी. एका जागी उभं राहायचं आणि प्रत्येक वाहनासाठी लिहायचं: कधी आलं, उतरवायला कधी सुरुवात, कधी संपलं, कधी गेलं, किती क्रेट, किती माणसं. मोबाइलमध्ये वेळ आपोआप पडते, त्यामुळे साधा तक्ता पुरतो. एक रकाना ‘का थांबलं’ यासाठी मोकळा ठेवा. माझ्या अनुभवात शेवटी प्रबंध त्याच रकान्यातून निघतो.

या वहीवर एक सोपं सूत्र बसवा. १९६१मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलं की आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा वेळ. समजा तासाला १२ टेम्पो येतात आणि प्रत्येक अर्धा तास थांबतो, तर कोणत्याही क्षणी आवारात सरासरी ६ टेम्पो असणार. जागा चारचीच असेल तर दोन रस्त्यावर उभे राहणार आणि वाहतूक पोलीस त्यांना पुढे हाकलणार. आवार वाढवायचं की थांबण्याचा वेळ वीस मिनिटांवर आणायचा? वीस मिनिटांत काम झालं तर चारच टेम्पो उरतात, भिंत पाडायला नको. पालिकेला सांगता येईल असं काहीतरी तुमच्या हातात आलं.

पायरी ५ : सरकारी आकडे, आणि त्यांतली भोकं

मुरगाव बंदराचे वार्षिक आकडे मिळतात. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी येतो. बाजारभावांसाठी केंद्राचं ॲगमार्कनेट आहे, वाहनांच्या नोंदणीसाठी वाहन पोर्टल. पूर्वी कोणी काय केलंय ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, बघा. तिथे गोवा विद्यापीठाचे प्रबंधही आहेत, आणि तुमचा ‘नवा’ विषय दहा वर्षांपूर्वी झालेला असू शकतो.

एक सापळा मात्र ओळखून असा. ५० हजार रुपयांवरच्या मालाच्या वाहतुकीला ई-वे बिल, म्हणजे ऑनलाइन काढायचा कागद, लागतं, त्यामुळे त्याच्या आकडेवारीत राज्यात येणारा सगळा माल सापडेल असं वाटतं. सापडत नाही. ताजी भाजी, ताजी मासळी, ताजं दूध जीएसटीतून मुक्त असल्यामुळे त्यांना ई-वे बिल लागत नाही. म्हणजे गोव्याच्या ताटातला मोठा भाग त्या आकड्यांत नाहीच. विद्यार्थी तो आकडा ‘एकूण आवक’ म्हणून टाकतात आणि परीक्षक बाहेरचा असला तर खपूनही जातं. तुम्ही टाकू नका.

दुसरा सापळा क्रमवारीचा. जागतिक बँकेच्या २०२३च्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात १३९ देशांत भारत ३८वा आहे. प्रस्तावनेत हे वाक्य सगळे लिहितात. केरीच्या नाक्यावर ट्रक किती वेळ थांबतो हे त्यावरून कळत नाही. राज्यांतली लॉजिस्टिक्सची सोय जोखणारं केंद्राचं ‘लीड्स’ सर्वेक्षण २०१८पासून होतं, त्यात बराचसा भाग व्यावसायिकांच्या मतांचा असतो. मत आणि घड्याळ यांत किती अंतर आहे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकतो.

जे कुठेच मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. दहा रुपये आणि तीस दिवस. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. वर्ष, खातं, रकाना नेमका सांगा. आणि अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

पायरी ६ : हत्यार शेवटी निवडा

पद्धत आधी ठरवून विषय शोधणारे पुष्कळ. ‘मला मशीन लर्निंग वापरायचंय, सर.’ वापर, पण कशावर?

प्रश्न वाटांचा असेल, म्हणजे एका गाडीने कोणत्या क्रमाने कुठे कुठे जावं, तर ते वाहन-मार्गाचं गणित. १९५९मध्ये डँट्झिग आणि रॅमसर यांनी ते पहिल्यांदा मांडलं ते पेट्रोलचे टँकर पंपांवर कसे पाठवावेत यासाठी. वास्कोच्या साठवण टाक्यांकडून राज्यभरच्या पंपांकडे निघणारा टँकर बघितला की ते गणित दारात उभं असल्यासारखं वाटतं. दहाच ठिकाणं असली तरी क्रम ३६ लाख २८ हजार ८०० होतात, म्हणून संगणक लागतो. फुकट सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. पण गोव्यात नकाशावरचं अंतर फसवतं: फेरीबोटीची वाट, चवथीला दुपारपर्यंत तुंबलेला म्हापसा, अरुंद गावरस्त्यावर न वळणारा ट्रक. चालकाने निवडलेली वाट आणि संगणकाने सुचवलेली वाट वेगळी आली तर आधी चालकाचं कारण विचारा.

प्रश्न ‘का’ असा असेल तर मुलाखती. प्रश्न आधी-नंतरचा असेल तर भावांच्या मालिका. आणि दोन पर्यायांतला असेल, जसं घाटातून ट्रक चालवत आणणं की कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीवर ट्रकच चढवणं, तर खर्चाचा ताळेबंद मांडा. ती सेवा १९९९पासून आहे, कोलाड ते वेर्णे. डिझेल, टायर, चालकाची झोप, वाट बघण्याचा वेळ, सगळं पैशांत आणा. चालकाच्या झोपेची किंमत काय धरायची, यावर तुमच्या मार्गदर्शकांशी भांडण होईल. होऊ दे.

पायरी ७ : माणसांशी वागणं

बाजारात कोकणी बोला. बेळगावच्या चालकाशी मराठी चालते, कधी कानडीचे चार शब्द कामी येतात, तामिळनाडूहून मासळी आणणाऱ्याशी तोडकी हिंदी. मासळीवाल्या बाईला ‘मॅडम’ म्हणू नका, ‘बाय’ म्हणा, आणि सकाळच्या गर्दीत अजिबात अडवू नका. अकरानंतर ती स्वतःहून बोलते. हमालांशी बोलल्याशिवाय प्रबंध पुरा करू नका. माल कुठे आपटतो ते मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

पहिल्या भेटीत नफा विचारायचा नाही. कर, वजनापेक्षा जास्त भरलेला माल, नाक्यावरची देवघेव यांबद्दल विचारू नका, आणि कोणी सांगितलंच तर नावानिशी लिहू नका. बिलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. संस्थेची नैतिकता समिती असेल तर तिची मान्यता आधी घ्या. ओळखीसाठी गोवा चेंबर ऑफ कॉमर्सचा उपयोग होतो. १९०८पासूनची संस्था आहे, तिथून एक फोन गेला की बंद दारं किलकिली होतात. कामाची चर्चा करायला ताळगावच्या पठारावरचं गोवा बिझनेस स्कूल आहे, साखळी नावाच्या गावाला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. तिथल्या प्राध्यापकांना पत्र लिहा. दोन ओळींत प्रश्न आणि सोबत तुमच्या वहीचं एक पान जोडा. लांबलचक प्रस्तावाला उत्तर येत नाही, वहीच्या पानाला बहुधा येतं.

पायरी ८ : पंचांग

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि मालाचं वेळापत्रक जुळत नाही, आणि माल काही तुमच्यासाठी थांबत नाही. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. पुरुमेंत एप्रिल-मेमध्ये. मासेमारी बंदी जून-जुलै. घाटांचं रडगाणं जुलै-ऑगस्ट. माटोळी चवथीच्या आधीचे मोजके दिवस, चुकले तर थेट पुढच्या वर्षी. शॅक ऑक्टोबरनंतर, आणि पर्यटकांची शिखरं डिसेंबरअखेर. जूनमध्ये प्रवेश घेऊन माटोळीवर काम करायचं तर तुमच्याकडे तयारीला जेमतेम दोन-अडीच महिने आहेत, तेवढ्यात मान्यताही मिळवायची आहे. त्यामानाने पोदेर आणि भाजी बारमाही, म्हणून नवख्याला मी आधी तिकडेच पाठवतो.

पायरी ९ : एक पान परत द्या

प्रबंध ग्रंथालयात जातो. ज्याच्या गाळ्यासमोर तुम्ही महिनाभर उभे राहिलात त्याला मराठीत किंवा कोकणीत एक पान द्या, त्यावर फक्त आकडे आणि एक चित्र. हे सौजन्य आहेच, शिवाय तपासणीही आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने भाजीच्या एका घाऊकवाल्याला असं पान दिलं. तिने दाखवलं होतं की गाड्या उतरण्याआधी सरासरी चाळीस मिनिटं थांबतात आणि कारण लिहिलं होतं, जागेची टंचाई. त्याने चष्मा लावला, पान दोनदा वाचलं आणि पेनाने ते कारण खोडलं. म्हणाला, जागा असते गो. बेळगावचा भाव फोनवर पक्का होईपर्यंत मीच उतरवू देत नाही.